सत्तेचाळीस नंबरचे नऊ टायर

१

बाबांच्या लॉकरची किल्ली परत करायला मी कारखान्यात गेले, तेव्हा प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीवर बाबांचा नंबर टांगलेला दिसला.

टांगलेला होता तो टायरचा तुकडा. ट्रकचा टायर, कलिंगडाच्या फोडीसारखा कापलेला. रबराच्या दोन थरांमध्ये बोटभर पोकळी होती आणि त्या पोकळीतून पॉलिथिनची पातळ पट्टी बाहेर लोंबत होती. खाली पत्र्याची पाटी : ‘नं. ४७. दोष : पॉलिथिन आत राहिले. कारण : ऑपरेटरचा हलगर्जीपणा.’

सत्तेचाळीस म्हणजे बाबा. एकोणतीस वर्षं ते टायर बांधायच्या मशीनवर होते. फिरत्या ड्रमवर रबराचे आणि तारांचे पट्टे एकावर एक गुंडाळायचे, प्रत्येक पट्ट्याची दोन टोकं सांधायची, सांध्यावर हातातला रूळ फिरवायचा, आणि तयार झालेला कच्चा टायर पुढं शिजायला पाठवायचा. मशीनच्या मजल्यावर त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे.

आठ महिन्यांपूर्वी असा एक टायर भर रस्त्यात फुटला. ट्रक उलटला, ड्रायव्हरचा हात मोडला. टायरवर बाबांचा नंबर होता. बाबांना मशीनवरून काढून मागच्या यार्डात टायर रचायला लावलं. दीड महिन्यापूर्वी यार्डातून घरी आल्यावर बूट काढता काढता ते गेले. एक बूट पायातच होता.

खात्याचे साहेब सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, हे कुणाला दुखवायला नाही, नव्यांना शिकवायला आहे. सोमवारी नवी तुकडी येतेय.

मी म्हटलं, “माझ्या वडिलांनी हे केलेलं नाही.”

“ताई, नंबर खोटं बोलत नाही. सोमवारच्या आत पुरावा आणा, मी स्वतः पाटी काढतो.”

हे त्यांनी मला लवकर घालवण्यासाठी म्हटलं असावं. पण मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चालतं, आणि त्या दिवशी बुधवार होता.

लॉकरमध्ये तीन वस्तू होत्या. धुतलेला टॉवेल. साबण आणि लाकडाचा भुसा कालवलेला डबा. आणि मुठीएवढा पॉलिथिनचा गोळा.

गोळा मला ठाऊक होता. पट्टे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे पॉलिथिन असतं. टायरमागे दोन पट्ट्या सोलायच्या. बाबा त्या मशीनच्या आकड्याला अडकवत, टायर उतरवण्याआधी मोजत, आणि शिफ्ट संपली की सगळ्यांचा गोळा करत. दोन नसल्या तर टायर उतरत नसे.

डबाही ठाऊक होता. रबराचा काळा रंग साध्या साबणानं जात नाही. बाबा रोज अर्धा तास त्या भुशानं हात घासून मगच बाहेर पडत. मजल्यावर टिंगल चाले, सत्तेचाळीसला रोज नवरदेव व्हायचं असतं म्हणून. आमच्या घरातला टॉवेल कधी काळा झाला नाही. काळ्या हातांचे बाबा मला एकदाच दिसले होते, माझ्या ऑपरेशनच्या गुंगीत. आई म्हणते, ते स्वप्न होतं.

मी निघताना साहेबांनी चौकशीची फाईल उघडून दाखवली. बाबांचा जबाब दोन ओळींचा होता. ‘टायरवरचा नंबर माझा आहे. जबाबदारी माझी आहे.’

मी तो तीनदा वाचला. टायर मी बांधला, असं त्यात कुठंच नव्हतं.

२

घरी बसवेना. खुर्चीत बसले की पाय हलायला लागायचा, आणि आई बघते आहे म्हणून मी उठून स्वयंपाकघरात जायचे, तिथून परत. बाबा गेल्यापासून वाचनही थांबलं होतं. पुस्तक उघडायचे आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा कारखान्याच्या दारात होते.

पहिला माझा संशय साधा होता : कुणीतरी बाबांच्या नंबराची चिकटपट्टी आपल्या टायरवर लावली. असं कोण करील? सगळ्यात जवळ होते ते समोरचे काका. बाबांच्या मशीनसमोरचं मशीन त्यांचं. वीस वर्षं दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत टायर बांधत होते. घरी बाबा त्यांचा उल्लेख ‘समोरचा’ असाच करत. समोरच्यानं आज भाजी खारट आणली, समोरच्याची मुलगी पास झाली. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. बाबा यार्डात गेल्यावर काकांना नव्या तुकड्या शिकवायचं काम मिळालं. म्हणजे तो तुकडा दाखवून समजावायचं कामही त्यांचंच.

प्रशिक्षणाच्या खोलीत ते एकटेच होते. मी आल्यावर त्यांनी खुर्ची फिरवून दिली आणि स्वतः असे बसले की तुकडा त्यांच्या पाठीमागे आला.

त्यांनी आईची चौकशी केली. पेन्शनचे कागद झाले का विचारलं. मी त्यांना विचारलं की बाबा असं पॉलिथिन विसरतील का. ते हाताच्या नखांकडे बघत म्हणाले, की माणूस आहे, होतं. मग थोड्या वेळानं, मी काही विचारलेलं नसताना, त्यांनीच आपलं बोलणं खोडलं.

“तुझ्या बाबानं चूक केली नाही, पोरी. एवढंच लक्षात ठेव.”

“मग कुणी केली?”

भोंगा झाला. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती हे मी घड्याळात नंतर पाहिलं. तो भोंगा दुसऱ्या खात्याचा होता. पण काका तेवढ्यात उठून गेले होते.

३

गेटवरचे मामा बाबांच्याच वयाचे. हजेरीची नोंद त्यांच्याकडे असते. त्यांनी मला स्टूल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, आणि आधीच सांगून टाकलं की ते मला काही दाखवू शकत नाहीत. मग दाखवलं.

तुकड्यावर टायरचा आठवडा कोरलेला होता : मागच्या वर्षीचा दहावा. त्या आठवड्याचे सहाही दिवस बाबा सातला आत आणि तीननंतर बाहेर. मधे कुठं खाडा नाही, अर्धी सुट्टी नाही.

“बघा,” मामा म्हणाले. “तुमचे वडील म्हणजे घड्याळ होते.”

पण ते पान त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. स्वतःच धरलं, आणि मी वाचून मान वर करायच्या आत वही मिटली. मग उगाच काउंटर पुसायला लागले. मी आभार मानून निघाले, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

“तुमची तब्येत आता ठीक आहे ना? टाके वगैरे दुखत नाहीत?”

मी नाही म्हणाले आणि रस्ता ओलांडला. बसथांब्यावर पोचल्यावर माझी पावलं थांबली. घरातलं काही गेटवर सांगत बसायचा बाबांचा स्वभाव नव्हता. माझ्या टाक्यांबद्दल या माणसाला कुणी सांगितलं?

४

शुक्रवारी मला मागच्या इमारतीतल्या एक्स-रे खोलीत जायची परवानगी मिळाली. साहेब म्हणाले, जा, पण तिथं काही मिळणार नाही. पॉलिथिन एक्स-रेत दिसत नाही.

ते खरं होतं. ट्रकच्या प्रत्येक टायरचा एक्स-रे निघतो, पण त्यात दिसतात तारा. रबर धुरकट दिसतं, पॉलिथिन अजिबात नाही. म्हणून तो टायर इथून पास झाला होता, आणि म्हणूनच चौकशीत या खोलीला कुणी काही विचारलं नव्हतं.

एक्स-रेवाल्या ताई पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. त्या म्हणाल्या, की अर्धा जन्म टायरांचे फोटो काढण्यात गेला, एकही हसत नाही. मग चष्मा काढून म्हणाल्या, “तुझे बाबा यार्डातून जाताना रोज या खिडकीवर टकटक करायचे. आता जेवणाच्या सुट्टीत मी उगाच मान वर करते.”

माझा चिकटपट्टीचा संशय त्यांनी एका वाक्यात मोडला. नंबराच्या पट्ट्यांचं रीळ मशीनमध्ये कुलपात असतं. शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर आपलं कार्ड लावतो, मग दिवसभर त्या मशीनवर जो टायर होईल त्यावर त्याचाच नंबर पडतो.

“म्हणजे सत्तेचाळीस म्हणजे बाबाच.”

“सत्तेचाळीस म्हणजे ते मशीन,” ताई म्हणाल्या. “त्याच्यापुढं कोण उभं आहे, ते रिळाला कुठं कळतं?”

त्यांनी फुटलेल्या टायरचा नंबर टाकला. पडद्यावर तारांची करडी जाळी आली, कोपऱ्यात तारीख : सात मार्च. ती तारीख मला कुठंतरी टोचली, पण ताई बोलत होत्या आणि मी तिकडे लक्ष दिलं.

त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं पडद्यावर तीन ठिकाणं दाखवली. तारांच्या तीन पट्ट्यांचे तीन सांधे. हे सांधे एकावर एक आले तर टायर तिथं जाड होतो, म्हणून ते अंतरानं ठेवायचे असा नियम आहे. अंतर किती, ते नियमात आहे. पहिल्यापासून दुसरा कोणत्या बाजूला सरकवायचा, ते नाही. ते ज्याच्या त्याच्या हातावर.

“तुझ्या बाबांचे सांधे असे यायचे.” त्यांनी दुसरा एक्स-रे शेजारी लावला. तीन सांधे जिन्याच्या पायऱ्यांसारखे उजवीकडे उतरत होते. “एकोणतीस वर्षं असेच. आता हा बघ.”

फुटलेल्या टायरचे सांधे डावीकडे उतरत होते.

 मी विचारलं, त्या दिवशीचे सगळेच असे आहेत का. ताईंनी एकेक करून उघडले. सात मार्चला सत्तेचाळीस नंबरचे चौतीस टायर झाले होते. एरवी बेचाळीस होत. पहिले सतरा उजवीकडे उतरणारे. मग नऊ डावीकडे. मग शेवटचे आठ पुन्हा उजवीकडे. फुटलेला टायर त्या नऊमधला सहावा होता.

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“मला कुणी विचारलं नाही. मी तारा तपासते, सांधा किती अंतरावर आहे ते बघते. तो कुठल्या बाजूला उतरतो हे बघायचं मला आज कळलं, तू शेजारी उभी राहिलीस म्हणून.” त्या पडद्याकडे बघत राहिल्या. “आठ महिने उशिरा.”

मी विचारलं, डावीकडे उतरणारा हात कुणाचा. त्यांना माहीत होतं, चेहऱ्यावर दिसलं. पण त्यांनी नऊ एक्स-रे छापून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, “एका माणसाचं नाव भिंतीवर टांगलेलं मी बघितलंय. दुसऱ्याचं नाव माझ्या तोंडून नको. तू मजल्यावर जा आणि दोन मशीनच्या मधे उभी राहा.”

५

मजल्यावर गरम रबराचा वास होता, बाबांच्या डब्याला यायचा तसा. दोन मशीनच्या मधल्या पिवळ्या पट्ट्यावर मी उभी राहिले. बाबांच्या मशीनवर आता दुसरं कुणी होतं. समोरचं बंद होतं, कारण काका शिकवायला गेलेले.

आधी मला काहीच दिसलं नाही. मग मी एकदा इकडे तोंड करून उभी राहिले, एकदा तिकडे, आणि दिसलं.

दोन्ही मशीन एकसारखी नव्हती. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप होतं. बाबांच्या मशीनवर पट्टे डावीकडून येत, समोरच्यावर उजवीकडून. बाबांचा ड्रम एका दिशेनं फिरे, समोरचा उलट. आणि पॉलिथिन अडकवायचा आकडा बाबांच्या मशीनवर उजव्या हाताला होता, समोरच्यावर डाव्या.

आरशापुढं वीस वर्षं काम केलेला माणूस एक दिवस आरशाच्या आत जाऊन उभा राहिला, तर त्याचे सांधे कुठं उतरतील? आणि घाईत सोललेली पट्टी अडकवायला त्याचा हात कुठं जाईल? डावीकडे. तिथं आकडा नाही. पट्टी कोपराला चिकटून राहणार, तिथून ड्रमवर पडणार, आणि वर पुढचा थर बसणार.

कोण, ते कळलं. पण ते नऊ टायर होत असताना बाबा कुठं होते, ते राहिलंच. गेटच्या वहीत ते आत होते, आणि मशीनपुढं नव्हते.

बसमध्ये बसायला जागा होती. मी उभीच राहिले. सात मार्च, सात मार्च असं मनात घोळत होतं आणि मधेच मामांचा आवाज येत होता, टाके दुखत नाहीत ना. एका थांब्यावर दार उघडलं आणि मी माझा थांबा नसताना उतरले. उरलेला रस्ता चालले, शेवटी जवळजवळ पळत.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात उशाशी होतं ते पुस्तक कपाटात होतं. अर्ध्यात दवाखान्याची चिठ्ठी खूण म्हणून ठेवलेली. अपेंडिक्स फुटलं होतं. सकाळी दाखल, दहाला ऑपरेशन. चिठ्ठीवर तारीख होती.

सात मार्च.

मी आईला हाक मारली. तिला तो दिवस पाठ होता. साडेनऊला मला आत नेल्यावर तिनं कारखान्याच्या गेटवर फोन केला. मामा म्हणाले, निरोप सांगतो. अकराला मला बाहेर आणलं, डॉक्टर म्हणाले धोका टळला, तेव्हा ती कपडे आणायला घरी गेली. पाऊण वाजता परत आली. बाबा संध्याकाळी आले, स्वच्छ हातपाय धुऊन.

“मधे आले नव्हते?”

“कामावरून मधे कसे येतील? तू शुद्धीत नव्हतीस. स्वप्न पडलं असेल, तेव्हाही मी तुला हेच सांगितलं.”

मी चिठ्ठी काढून ठेवली आणि पुस्तकाचं ते पान उघडलं. समासात, जिथं माणूस पान धरतो नेमकं तिथं, अंगठ्याचा ठसा होता. काळा. रेघ न् रेघ उमटलेला.

६

शनिवारी मी काकांच्या घरी गेले. काकू बाजारात गेल्या होत्या. मी नऊ एक्स-रे टेबलावर मांडले आणि शेजारी पुस्तक उघडून ठेवलं. 

काकांनी एक्स-रेंकडे बघितलंही नाही. त्या ठशाकडे बघत राहिले.

मग त्यांनी सांगितलं, अडखळत, मधेच पाणी पीत. मामांनी निरोप आणला तेव्हा सव्वादहा होत आले होते. बाबा साहेबांकडे गेले, दोन तास मागितले. साहेब म्हणाले, बदली माणूस नाही, मशीन सोडता येणार नाही. बाबा परत आले आणि नुसते ड्रमकडे बघत उभे राहिले. तेव्हा काका म्हणाले, जा तू, मी दोन्ही बघतो. मशीन बंद दिसलं असतं तर साहेब मजल्यावर आले असते. मामांनी मागचं दार उघडलं. हात धुवायलाही बाबा थांबले नाहीत. दीडच्या सुमाराला परत येऊन उभे राहिले आणि उरलेले आठ टायर बांधले.

“टायर फुटल्यावर तारीख बघितली आणि माझ्या लक्षात आलं. मी साहेबांकडे निघालोच होतो, पोरी. त्यानं बाही धरली माझी.”

“काय म्हणाले?”

“म्हणाला, तू बोललास की पहिला प्रश्न हाच, की मी कुठं होतो. मग मामा जातील. तुझ्या नावावर एक लेखी ताकीद आहेच, तूही जाशील. माझी पाटी कोरी आहे, मला फार तर यार्डात घालतील.” काकांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. “आणि म्हणाला, पोरीला कळता कामा नये. ती जन्मभर हेच घेऊन बसेल, की माझ्यापायी झालं.”

 मला काकांचा राग यायला हवा होता, आणि येतही होता. पण तो एका जागी ठरत नव्हता. काकांवरून बाबांवर जात होता, बाबांवरून माझ्यावर. साडेसहा महिने बाबा यार्डात उन्हात उभे होते आणि मी त्यांना, घरात गप्प गप्प असता म्हणून, टोमणे मारत होते.

“तुम्ही प्रत्येक तुकडीला तो तुकडा दाखवता,” मी म्हटलं.

“दाखवतो. बघत नाही.”

मी कागद गोळा केले. काकांना सांगितलं, की सोमवारी मी येणार आहे आणि हे पुस्तक घेऊन येणार आहे. तुमच्याबद्दल मी बोलणार नाही. बोलायचं की नाही ते तुमचं. फक्त एक, मामांचं नाव घेऊ नका. बाबांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

काका दारापर्यंत आले. 

७

सोमवारी नवी तुकडी अकरा जणांची होती. कोऱ्या गणवेशांना अजून घड्या होत्या. साहेब दाराशी उभे होते. मी मागच्या बाकावर, पुस्तक मांडीवर. काका आत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रूळ कसा धरायचा ते त्यांनी सांगितलं. सांध्यांचं अंतर फळ्यावर काढलं. मग भिंतीपाशी गेले, तुकडा खाली उतरवला आणि दोन्ही हातांत धरून उभे राहिले. नेहमी म्हणायचं वाक्य त्यांच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं.

“हा सत्तेचाळीस नंबरचा...” ते थांबले. अकरा पेनंही थांबली. “सत्तेचाळीस नंबरच्या मशीनवरचा टायर आहे. बांधला मी.”

साहेब दोन पावलं पुढं आले. काका त्यांच्याकडे न बघता तुकडीलाच सांगत राहिले, की माझं मशीन त्याच्या उलट होतं, आकडा दुसऱ्या बाजूला होता, मी दोन मशीन एकदम चालवत होतो आणि पट्ट्या मोजल्या नाहीत. तो असता तर त्यानं मोजल्या असत्या. मग त्यांनी फळ्यावर आरशासारखी दोन मशीन काढली आणि कुणाचा हात कुठं जातो ते दाखवलं. कुणी इतकं नीट समजावलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी तुकडीला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

“त्या वेळी सत्तेचाळीस कुठं होता?”

 मी उठले.

“माझ्याजवळ होते. दवाखान्यात.”

मी एक्स-रे ठेवले. सतरा, नऊ आणि आठ कसे पडतात ते सांगितलं. चिठ्ठी ठेवली. साहेबांनी तारीख दोनदा वाचली. मग त्यांनी विचारायचं तेच विचारलं : ते संध्याकाळी, सुट्टी झाल्यावर आले नसतील कशावरून? आणि गेटमधून बाहेर कसे पडले?

“गेटचं मी बाबांना विचारलं नाही. तेव्हा मी गुंगीत होते, आता विचारता येत नाही. पण सुट्टी झाल्यावर आले नव्हते.” मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. “हात धुतलेले नव्हते.”

साहेबांनी ठसा पाहिला. काकांनी पुढं येऊन आपला अंगठा त्याच्याशेजारी, कागदाला न लावता धरला. रबराचाच रंग. तीन वाजता बाहेर पडलेल्या सत्तेचाळीसचा अंगठा असा असणं शक्य नव्हतं, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. नवरदेवाची टिंगल साहेबांनीही ऐकली होती.

 साहेब खुर्चीत बसले.

“दोन तास मागायला आला होता,” ते म्हणाले. “मुलगी आजारी आहे म्हणाला. मी वर बघितलंसुद्धा नाही.”

गेटबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खिशातून किल्ली काढून तिच्या टोकानं पाटीचे स्क्रू सोडवले. दोन सहज निघाले, तिसरा गंजला होता; तो काकांनी काढला. काकांचं पुढं काय होईल, ते साहेब बोलले नाहीत आणि काकांनी विचारलं नाही. तुकडा मात्र काकांनीच परत भिंतीवर लावला, आणि खाली खडूनं स्वतःचा नंबर लिहिला.

बाहेर पडताना मामांनी पंखा माझ्याकडे वळवला. मी त्यांना सांगितलं, टाके दुखत नाहीत.

बसमध्ये मी बसले. खिडकीजवळची जागा होती. त्या दिवसातलं आणखी थोडं मला आता आठवत होतं : पलंगाच्या कडेला कुणीतरी पान धरून अक्षर अक्षर लावत वाचतंय, मुद्रितशोधकाला सहन होणार नाही इतकं सावकाश, आणि मी डोळे न उघडता त्याला सांगतेय, बाबा, हात धुऊन या. ते धुवायला उठले असावेत. साध्या साबणानं तो रंग निघत नाही, वेळ लागला असणार. ते परत येईपर्यंत मी झोपले असेन, आणि त्यांना मशीनवर जायचं होतं.

बाबा वाचत कुठवर आले होते, ते ठशावरून कळत होतं. मी पान उलटलं आणि पुढं वाचायला लागले.